फीत बांधलेली बोट

आमच्या तहसीलच्या आपत्ती कक्षात आपत्तीपेक्षा किस्सेच जास्त साचतात. पूर ओसरतो, किस्से ओसरत नाहीत! त्यातले निम्मे तर एकाच प्रशिक्षणातले. जालन्याला आम्हाला 'नेतृत्व विकास' शिकवायला नेलं आणि मला टीम लीडर केलं. का केलं, ते मला अजून कळलेलं नाही. घरी माझं कुणी ऐकत नाही.

*

शिकवायला आलेल्या पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "लीडरनं ऑर्डर द्यायची. छोटी आणि ठाम!"

माझ्यासमोर बचावाची दोरी आणि गव्हाणे अण्णा. आमचे अव्वल कारकून, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी म्हणालो, "अण्णा, जमत असंल तर, चहा झाल्यावर, जरा दोरी धरता का?"

"ही ऑर्डर नाही, आमंत्रण आहे!" मॅडम म्हणाल्या.

"पोरगं वळणाचं हाये, मॅडम," अण्णा खूश होऊन म्हणाले.

मी पास की नापास, तेच कळेना.

*

मग मॅडमनी शिकवलं, लीडरनं सगळं स्वतः करू नये, कामं वाटून द्यावीत. हे मला एकदम पटलं. मी दोरी अण्णांना दिली. अण्णांनी ती जीपचे ड्रायव्हर शेख मामूंना दिली. मामूंनी चहावाल्याला दिली.

चहावाला माझ्याकडं आला. "साहेब, ग्लास धुवायचेत. एवढी दोरी धरा बरं."

तेवढ्यात मॅडम आल्या. माझ्या हातात दोरी बघून म्हणाल्या, "व्हेरी गुड! लीडर असा स्वतः पुढे हवा!"

आता वाटून द्यायचं की धरून ठेवायचं?

*

शेवटच्या दिवशी मॉक ड्रिल. खोटी आग, खरा सायरन. पण सायरन वाजला तेव्हा स्टेजवर पाहुण्यांचा सत्कार चालू होता, आणि आपल्याकडं सत्कारातून कोण उठतं? सूत्रसंचालक माइकवरून म्हणाला, "कृपया कुणी जागा सोडू नये, अजून बरेच सत्कार बाकी आहेत!"

आम्ही बसलो. शाली झाल्या, नारळ झाले, आभार झाले. जखमी म्हणून अण्णांना मागच्या खोलीत झोपवलेलं, ते साफ विसरलो. शेवटी तेच उठून आले.

"मी तिकडं मरून राह्यलो, अन् तुम्ही टाळ्या वाजवून राह्यले! जेवायला तरी बोलवा!"

*

आणि मग खरं पाणी आलं. केदारखेड्याकडं एक शेतकरी चारा कापायला गेल्ता, तो पुरात अडकून कडुलिंबावर चढला. आम्ही नवी कोरी बोट घेऊन पोचलो. बोटीच्या तोंडाशी आडवी लाल फीत बांधलेली, कारण उद्घाटन व्हायचं होतं. पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

"उद्घाटनाबगर पाण्यात घातली तर वरून विचारतील," अण्णा म्हणाले. "तहसीलदार साहेबाला फोन लाव."

फोन लागेना.

"जल्दी बोला साहेब, पाणी वाढून राह्यलं," मामू म्हणाले.

त्या माणसाची बायको काठावर उभी होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. मला फार भीती वाटली. पाण्याची की पाहुण्यांची, ते आजही सांगता येत नाही.

"अण्णा, दोरी धर!" मी ओरडलो.

वडिलांएवढ्या माणसाला अरेतुरे! अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि दोरी धरली. मामू आणि मी बोट घेऊन निघालो. गडबडीत फीत सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

झाडाखाली बोट टेकली. तो माणूस हळूहळू खाली उतरला, थंडीनं कुडकुडत, कमरेला विळा तसाच. एक पाय बोटीत टाकला आणि थांबला. पुढ्यात फीत.

त्यानं विळा काढला. फितीकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"कापू का साहेब? का अजून कुणी यायचं हाये?"