बिनदोरीचा हात

भोरच्या ठकुबाई कासारणीला माणसं तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखू यायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती भोर ते वेल्हे पायी फिरे. काय दिवस होते ते! ओसरीवर टेकली की झाडून साऱ्या बाया गोळा व्हायच्या. माहेरचे निरोप सासरी आणि सासरचे माहेरी, सगळे हिच्याच तोंडून.

तेच तोंड एकदा नडलं. भाटघरचं नवं धरण होऊन दहाएक वर्षं झाली असतील. पाली गावात गेनबाच्या लेकीला, फुलाला बांगड्या भरताना ही हसत बोलून गेली, "अगं बया, तुझ्या मनगटात दोरी न्हाई की!" अंगठा करंगळीला टेकवून मनगट आत वळवलं की मधोमध जी ताठ शीर वर येते, ती फुलाला नव्हती. एवढंच. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? वेल्ह्याला पोचेतो "पोरीचा हात मेलेला हाय" असं झालं, आणि ठरलेली सोयरीक मोडली.

महिन्यानं ठकुबाई वेल्ह्याला गेली, तर नवऱ्या मुलाची आई चंद्राबाईच हात पुढं करून म्हणाली, "बरं झालं बाई, तू सांगितलंस. भाताच्या लावणीचं घर आमचं. लुळी सून आणून काय तिची पूजा करायची?"

ठकुबाईला आता कळलं. आपण चेष्टेत बोललो आणि एका लेकराचं लग्न मोडून बसलो! जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं? चंद्राबाईचा हात तिच्या हातात होता, वीस वर्षांच्या ओळखीचा. पण हाताचं गुपित कासारणीनं चारचौघींत फोडायचं नसतं. आधी फोडलं त्याचं फळ समोरच होतं. शेजारणी उठून जाईस्तोवर ती बांगड्याच भरत राहिली.

मग हळूच म्हणाली, "चंद्राबाई, अंगठ्याला करंगळी लावा बघू. आता मनगट वळवा."

कुठं काय! मनगट सपाट. ठकुबाईनं आपला हात शेजारी धरला, तर दोरी टरारून वर.

"आगं, पर म्या तर..." चंद्राबाई दोन्ही हात पुढं धरून म्हणाली. ह्याच हातांनी तिनं पायलीपायलीचं दळण ओढलं होतं. लावणीत तिच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

"धा-बारा जणींत एखादीला नसतीच ती. भोरात वकिलांच्या घरी बघितलं, धनगरवाड्यावर बघितलं. कुणाला ते इचारू नका. कुणाचं काय अडलं? चूक माझ्या तोंडाची हाय, पोरीच्या हाताची न्हाई." बोलता बोलता ठकुबाईला रडूच कोसळलं.

चंद्राबाई बराच वेळ मनगट उलटंपालटं करीत बसली. मग खेकसली, "रडतीस काय? हिरव्या काढ. फुलाचा चुडा आमी भरनार. माप तुलाच ठावं."

म्हातारपणी ठकुबाईच्या बोटांतली ताकद गेली, टोपली सुटली. हातांची आठवण तेवढी सुटेना. वेल्ह्याचं माणूस भोरला आलं की ती आधी चंद्राबाईची खबर विचारी, आणि ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे. तिनं जिवापाड जपलेलं ते गुपित चंद्राबाई दर लावणीला, चिखलात उभी राहून, सुनेचा हात वर धरून साऱ्या शिवाराला ओरडून सांगायची, "आमी सासू-सुना दोघी बी बिनदोरीच्या! या, कुनाला बरोबरीनं यायचंय!"