मावशीचा सभ्य दमा

माझ्या मावशीचा आवाज आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, चेहरा फार थोड्यांना. बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे. तिथे बसून ती माइकवरून गाड्या सांगते. कोणती गाडी, कुठल्या फलाटावर, वाटेत कुठे कुठे थांबणार. थांबे कितीही असोत, मावशी वाक्य मोडत नाही. माइकवर धाप ऐकू गेली की लोकांना वाटतं कुठेतरी अपघात झाला, असं तिला नोकरी लागली तेव्हाच बजावलं होतं. त्यामुळे श्वास कुठे चोरायचा, कुठे नाकाने हळूच ओढायचा हे तिच्या अंगात इतकं मुरलंय, की घरी भांडतानाही ती मध्ये थांबत नाही. काका बिचारे आपली पाळी येईल म्हणून वाट बघत बसतात आणि तेवढ्यात भांडण संपलेलं असतं.

आणि नेमका या बाईला दमा झाला.

लोकांचा दमा कसा, चारचौघांत शिट्ट्या वाजवत येतो. मावशीचा फार सभ्य. आधी तिला जांभया येतात. मग हनुवटीला खाज सुटते. मग छातीवर कुणी गादी टाकून तिच्यावर बसल्यासारखं होतं. शिट्टी नाही, घरघर नाही.

पहिल्यांदा हे झालं ते सुट्टीच्या दुपारी, गाद्या झटकताना. ती जांभया देऊ लागली तेव्हा मी तिला ‘जरा आडवी हो’ म्हटलं, माझी अक्कल तेवढीच. पण ओठ पांढरे पडले तशी मी आणि काकांनी तिला दवाखान्यात नेलं, थेट इमर्जन्सीत. तशा अवस्थेतही तिने इस्त्रीचे कपडे घातले, भांग पाडला. विस्कटलेल्या माणसाकडे डॉक्टर नीट बघत नाहीत, असं तिचं मत होतं. खरं तर उलट असतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

“काय होतंय?” तरुण डॉक्टरांनी विचारलं.

“दुपारपासून मला श्वास आत घेण्यास त्रास होत असून छातीवर दाब जाणवत आहे, तसेच हनुवटीला सतत खाज सुटत आहे,” मावशी म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत. प्रवाशांनी नोंद घ्यावी एवढंच काय ते राहिलं.

डॉक्टर हसले. “दम लागलेला माणूस असं बोलतो होय?” त्यांनी छाती तपासली. “एकदम क्लिअर. टेन्शन घेता का फार? आणि खाजेसाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.”

काकांना डॉक्टर म्हणजे देव. काही औषध दिलं नाही तरी ते हात जोडून आभार मानतात. तसे ते मानले आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या वेळी शेजाऱ्याने अंगणात कचरा पेटवला होता. संध्याकाळची वेळ, डॉक्टर वेगळे, मावशी तीच. ती दर वाक्याला एक जांभई देत होती. जांभई लागण होणारी गोष्ट. आधी नर्सला आली, मग काकांना, मग समोर हात मोडून आलेल्या माणसाला. डॉक्टरांनी आपली कशीबशी गिळली आणि निदान केलं, “यांची झोप पूर्ण होत नाही.” व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. मला इतका संताप आला की मी ‘तुमचीही होत नाही वाटतं’ असं बोलून बसले. काकांनी माझ्या वतीने माफी मागितली.

त्यानंतर घरात मावशी जांभई देऊ लागली की काका प्रेमाने उशी आणून द्यायचे. “दोन-दोन डॉक्टरांनी बघितलंय तुला. काही नाहीये,” असं म्हणायचे. मनाने वाईट नाहीत. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. मावशीने मात्र सांगणंच सोडलं. जांभई आली की ती बाल्कनीत जाऊन उभी राहायची. एकदा मी मागोमाग गेले, तर कठडा घट्ट धरून म्हणाली, “एक दिवस मी जाईन बघ, आणि सगळे म्हणतील, अहो, आत्ता तर चांगली बोलत होती.”

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिसऱ्या वेळी ती कामावर होती. सकाळी काचेच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना तेलरंग देत होते आणि मावशी वासात बसून गाड्या सांगत होती. “फलाट क्रमांक तीनवरून सुटणारी गाडी,” ती म्हणाली, आणि पुढे काहीच नाही. तीनवरचे लोक सामान उचलून उभे राहिले. गाडी कुठली ते कळेना, म्हणून चारवरचेही उभे राहिले. सगळं स्थानक माना वर करून भोंग्याकडे बघत पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलं. खाली चहा पीत असलेले कंट्रोलर कप टाकून जिन्याने धावले. पोट सुटलेला माणूस, लिफ्टलाही कंटाळणारा.

मी आणि काका दवाखान्यात पोचलो तेव्हा मावशीला घेऊन आलेले कंट्रोलर डॉक्टरांशी वाद घालत होते. या वेळी पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या. काका बाकावर बसता बसता सवयीने म्हणाले, “तिला तसं काही नसतं हो, दोनदा दाखवलंय.”

“काही नसतं?” कंट्रोलर स्वतःच धापा टाकत होते. “बाई, स्थानकात आग लागली होती तेव्हा हिने अख्ख्या गावाला बाहेर कसं पडायचं ते सांगितलं, न अडखळता. आज ही मधेच थांबली. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो, मला हे बरं दिसत नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मावशीकडे. “बोला, काय होतंय?”

मावशी म्हणाली, “मला श्वास.” जांभई. “मला.” मग हनुवटी खाजवली आणि डोळे मिटले.

बाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि त्यांचा चेहरा बदलला. “शिट्टी नाहीये, कारण हवाच आत जात नाहीये,” त्या नर्सला म्हणाल्या. मग धावपळ सुरू झाली. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, तोंडाला मास्क, मास्कमधून औषधाची वाफ. आम्हाला बाहेर काढलं. काका पडद्याला डोळे लावून बसले.

बऱ्याच वेळाने मला आत बोलावलं. मावशीच्या ओठांवर रंग आला होता. बाई तिला सांगत होत्या, “दमा आहे तुम्हाला. काहींचा असाच असतो, जांभया, खाज, खोकला. तुम्ही सांगत होतात ते खरं होतं.”

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दमा झाला म्हणून इतकी खूश झालेली बाई मी पाहिली नव्हती. मास्क बाजूला करून ती म्हणाली, “जरा मोठ्यांदा सांगा. बाहेर आमचे हे बसलेत.”

काकांनी ऐकलं होतं. ते पडदा सारून आत आले आणि कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. कुणाचे आभार मानायचे ते त्यांना सुचलं नाही.

“डॉक्टर शिकलेले असतात,” ते म्हणाले. “ते म्हणाले काही नाही, म्हणून मी...”

मावशीने मास्क पुन्हा काढला. बाई रागावल्या, तरी काढला.

“मी माइकवर सांगते,” ती म्हणाली आणि श्वास घेतला. “त्या गाडीत लोक,” पुन्हा घेतला, “पोराबाळांना घेऊन चढतात. पाटीसुद्धा वाचत नाहीत.” मग बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली आणि काका कॉटची दांडी धरून थांबले. “तुम्हालाच कसं हो पटलं नाही?”