ठोकळा सुकेपर्यंत

काँक्रीटचं काम म्हणजे निम्मं वाट बघणं. वाट बघताना चहा होतो, चहाबरोबर गप्पा, आणि किस्से साचत जातात. महापेतल्या आमच्या लॅबमध्ये तर एका ठोकळ्यापायीच इतके साचलेत!

अणुकचरा काँक्रीटच्या कोठीत ठेवला, की तो तिला आतून वर्षानुवर्षं तापवत राहतो. त्या उष्णतेनं भिंतीतला ओलावा बाहेरच्या बाजूला सरकतो. अशानं भिंत तडकेल का, हे बघायला आम्ही माणसाच्या उंचीचा ठोकळा ओतला, पोटात हीटर घातला, जागोजागी सेन्सर बसवले. आमच्या प्रमुख सुनंदामॅडम रिटायरमेंटला आलेल्या. "टेस्ट पुरी झाल्याशिवाय मी हलणार नाही," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

* * *

नाक्यावरचा चहावाला आत पाऊल टाकेना. "आतमध्ये रेडिएशन आहे म्हणतात!"

मॅडमनी त्याला हाताला धरून आणलं आणि ठोकळ्याला पाठ टेकून त्याचाच चहा प्यायल्या. "कचरा नाही रे, नुसता हीटर आहे. लाव हात."

त्यानं घाबरत एक बोट लावलं. मग अख्खा तळवा. "बस, एवढंच? याच्यापेक्षा माझी किटली तापते!"

* * *

जुलैत एका बाजूचा ओलावा अचानक वाढला. मॅडम हरखल्या, दोन दिवस गणितं मांडत बसल्या. शेवटी त्या बाजूला ठोकळ्यावर टाकलेली ताडपत्री उचलली, तर खाली मोजे वाळत घातलेले! नेरूळहून बाइकवर भिजत येणारा आमचा कुलकर्णी शांतपणे म्हणाला, "मॅडम, ऊब फुकट जात होती."

* * *

एकदा लाइट गेली. जनरेटर छोटा; त्यावर एसी चालणार, नाहीतर हीटर. मॅडमनी हीटर निवडला. डायरेक्टर घाम पुसत आले, "अहो, माणसांचं काय?"

"माणसं घाम गाळून गार होतात, सर. ठोकळा गार झाला तर टेस्ट मेली!"

* * *

उरणचे पाटीलकाका आमच्याकडे नवीन. आयुष्य साइटवर गेलेलं. कोरडं काँक्रीट दिसलं की यांचा हात पाइपकडे जाणार. एका सकाळी ठोकळा नखशिखांत भिजलेला!

"काका, हे काय केलंत?"

"सुका दिसला, म्हनून मारलं पानी. काँक्रीट हाय ना ते!"

कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात. काका रडकुंडीला आले, मला तर मॅडमकडे बघवेना. डायरेक्टर म्हणाले, "राहू द्या, बाकीचं कॉम्प्युटरवर काढा."

"कॉम्प्युटरला तडा जात नाही, सर." मॅडमनी पदर खोचला. "काका, नवा ठोकळा ओतायचाय. चला."

* * *

नव्या ठोकळ्याची टेस्ट अर्ध्यावर असतानाच मॅडमचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं, सगळ्यांचे डोळे ओले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला मॅडम गेटवर हजर! वॉचमन अवघडला. "मॅडम, तुमचं कार्ड कालपासून बंद झालंय."

"कार्ड बंद झालंय. हीटर चालू आहे ना?"

"हो, मॅडम."

"मग दार उघड."