पप्पांचा आणि माझा इंटरव्ह्यू

हात कसा मिळवायचा हे शिकवायला आमच्या कॉलेजने तेल अवीवहून एक माणूस बोलावला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी बेरशेवाला केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या माणसाचा हात मऊ आणि ओलसर होता. सेंट तर इतका उग्र, की एकदा हात मिळवल्यावर तो वास माझ्या तळव्याला चिकटून राहिला. ओफाकिमला, आमच्या वाळवंटातल्या कामगारवस्तीच्या गावी, जाणाऱ्या बसमध्ये मी तो हात अंगापासून लांब धरून बसले. घरी आल्या आल्या मोरीत जाऊन साबणाने चोळला.

आईने विचारलं, "कशात हात घातला होतास?"

"नोकरीत," मी म्हटलं.

शिबिर नोकरी शोधणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी होतं. तो माणूस टेबलाच्या कडेवर एक मांडी टेकवून बसायचा आणि आम्हाला सांगायचा, तुम्ही म्हणजे माल. माल कितीही चांगला असला तरी त्याला कागद नीट गुंडाळायला हवा. मुलं हे लिहून घेत होती. सैन्यातून परतलेली, चार चार वर्षं रात्रपाळी करून शिकणारी मुलं, 'आम्ही माल' असं वहीत लिहीत होती.

मग त्याने आमचे बायोडेटा सगळ्यांसमोर वाचायला घेतले. माझा हातात धरून तो थांबला.

"ओफाकिम? हे कशाला लिहिलंस? 'दक्षिण विभाग' लिही. वाचणाऱ्याला वाटेल बेरशेवा असेल."

"पण मी ओफाकिमला राहते."

"कुणी विचारलं तर सांग की. आधीच कशाला सांगतेस? आणि हे आडनाव! हे वाचून होईपर्यंत समोरच्याची कॉफी गार होईल. जरा छोटं कर, हिब्रू कर."

वर्ग हसला. आम्ही मूळचे कोकणातले ज्यू. माझं आडनाव तिथल्या आमच्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्या गावात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण ते कापून टाक असं कुणी सांगितल्यावर दातांवर वाळू आल्यासारखं झालं. पुढे त्याने विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, सुताच्या कारखान्यात रंगखात्यात फोरमन होते, या वर्षी त्यांना काढलं.

"असं नाही म्हणायचं," तो गोड आवाजात म्हणाला. "म्हण, वडील वस्त्रोद्योगात. संपलं. पराभवाचा वास येता कामा नये."

स्वतः सेंटमध्ये बुडालेला माणूस मला वासाबद्दल सांगत होता.

कारखान्याची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. मशिनं एकेक करून ट्रकवर चढवली आणि जॉर्डनला नेली, तिथे मजुरी स्वस्त म्हणून. माणसं इथेच राहिली. पप्पा मुंबईच्या गिरणीत रंगकाम शिकले होते आणि इथे आल्यापासून तेच करत होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळसर असत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, सिनेगॉगला जाताना ते हात खिशात ठेवत.

आता पन्नाशी उलटल्यावर त्यांनाही शिबिराला जावं लागत होतं. रोजगार कार्यालयाने गावातल्या बेकारांना एका खाजगी संस्थेकडे पाठवलं होतं, आणि न गेलं तर भत्ता बंद. तिथे शिकवायला माझ्याच वयाची एक मुलगी होती. ती च्युइंगम चघळत शिकवते, असं पप्पा सांगत. त्याबद्दल त्यांना राग नव्हता, नवल होतं. गिरणीत कुणी तोंडात काही ठेवून थोरामोठ्यांशी बोलत नसे.

म्हणजे त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन विद्यार्थी होते. शुक्रवारी दुपारी आई शब्बाथचा स्वयंपाक करायची आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून इंटरव्ह्यूची तयारी करायचो. मी साहेब व्हायचे. पप्पा खुर्चीच्या टोकाला ताठ बसायचे.

"तुमच्याबद्दल सांगा," मी हिब्रूत विचारायचे.

"अनी दीनामी," पप्पा पाठ केलेलं म्हणायचे. मग मराठीत मलाच विचारायचे, "बाय, दीनामी म्हंजे काय गं?"

"चपळ. सतत धावपळ करणारा."

"मग मी खोटं कशाला बोलू? मी सगळी सर्विस एका जागेवर उभा राह्यलो. रंग बघायला उभाच राहायला लागतो. धावलो असतो तर माल खराब झाला असता."

"ती मुलगी म्हणाली ना, असं म्हणायचं?"

"ती म्हणते सगळ्यांनी म्हणायचं. आमी पंधरा म्हातारे एका आवाजात म्हणतो. बालवाडी साली."

आई फोडणी देता देता हसली. मला हसू आलं नाही. मला डोळ्यांसमोर तो हॉल दिसला. ट्यूबलाइटखाली बसलेले ते सगळे काका, मोरोक्कोचे, ट्युनिसचे, आमचे, ज्यांच्या हातांनी या गावात पहिले खांब रोवले. ते एका सुरात 'मी चपळ' म्हणतायत आणि समोर एक मुलगी च्युइंगम चघळतेय.

पुढच्या आठवड्यात त्या शिकवणाऱ्या मुलीने पप्पांना सांगितलं, केस काळे करून या. आईने बाल्कनीत स्टुलावर बसवून पप्पांच्या केसांना आणि मिशीला रंग लावला. धुतल्यावर पप्पा आरशासमोर गेले, दिव्याखाली मान इकडेतिकडे वळवली, आणि फोरमनच्या आवाजात म्हणाले, "शेड चुकली. आणि कातडी पण रंगली, बघ कानामागे." खरंच, कानामागे काळे ओघळ आले होते. मिशीखालचा ओठ जांभळट दिसत होता. घासून घासून तिथली कातडी लाल झाली, डाग मात्र गेले नाहीत. त्या चेहऱ्याने ते एका गोदामात मुलाखतीला गेले आणि तासाभरात परत आले. काम मिळालं नव्हतं. मी त्यांच्याकडे सरळ बघू शकत नव्हते. त्यांच्या अंगाला कुणीतरी घाण हात लावून गेल्यासारखं मला वाटत होतं.

त्याच सुमारास माझा अर्ज हैफाकडच्या एका रसायन कंपनीने पहिल्या चाळणीत निवडला. प्रयोगशाळेत केमिस्ट हवे होते. पण कंपनी थेट भेटत नसे. आधी तेल अवीवच्या एका संस्थेत दिवसभर परीक्षा द्यायची. पेपर केमिस्ट्रीचा असेल या समजुतीने मी आदल्या दिवशी पुस्तकं चाळली होती. केमिस्ट्रीबद्दल तिथे एक अक्षर विचारलं नाही. सकाळी झाड काढायला लावलं. मग हस्ताक्षर तपासण्यासाठी पानभर मजकूर लिहून घेतला. अक्षरावरून स्वभाव कळतो, असं तेव्हा इथे मोठमोठे मालक मानत. दहा वाजता बोरेकास, म्हणजे चीज भरलेले तेलकट पॅटिस, आणि कोल्ड्रिंक आणून ठेवलं, आणि आम्ही कसे खातो हेही भिंतीशी बसलेल्या दोन बायका बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही इथे नाहीच असं समजा." मग मांडीवरच्या पॅडवर लिहीत राहिल्या.

दुपारी आम्हा सहा उमेदवारांना गोल टेबलाशी बसवून एक कार्ड दिलं. एका कारखान्यात पाच कामगार आहेत, एकाला काढायचंय, वीस मिनिटांत सगळ्यांनी एकमताने ठरवा. प्रत्येक कामगाराची चार ओळींत माहिती होती. एक तरुण आई, एक सतत उशिरा येणारा, एक मालकाच्या ओळखीतला, असे. त्यात एक होता रंगखात्यातला फोरमन. वय पन्नाशीच्या पुढे, कॉम्प्युटर येत नाही, हिब्रू वाचताना अडखळतो, कधी गैरहजर नाही.

कार्ड मी पुन्हा एकदा वाचलं. कुणी मुद्दाम लिहिलं नव्हतं. अशी माणसं त्या वर्षी दक्षिणेतल्या प्रत्येक गावात होती, लिहिणाऱ्याने कुठून तरी एक उचलला होता.

सैन्यात अधिकारी असलेल्या एका मुलाने लगेच सूत्रं हातात घेतली. "हे सोपं आहे. फोरमन."

"बिचारा," मोत्याची कर्णफुलं घातलेली मुलगी म्हणाली, "पण उघडच आहे."

एक मिनिट लागलं असेल. उरलेला वेळ काय करायचं? तेव्हा जे सुरू झालं ते मी विसरू शकत नाही. भिंतीशी बसलेल्या बायका लिहितायत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून प्रत्येकजण आपण किती मायाळू आहोत ते दाखवायला लागला. एक म्हणाला, त्याला निरोप समारंभ देऊ या. दुसरी म्हणाली, बायकोलाही बोलवू या. कुणी म्हणालं घड्याळ देऊ, कुणी म्हणालं फोटोंचा अल्बम. त्या मुलीने तर डोळे ओले केले. अधिकाऱ्याच्या टायवर बोरेकासचा चुरा पडला होता आणि तो म्हणत होता, "माणुसकी महत्त्वाची." माझ्या तोंडात सकाळच्या तेलाची चव वर आली.

मी विचारलं, "तो गेला तर रंग कोण बघणार?"

"ते कार्डवर नाही."

"रंगखातं आहे म्हणजे रंग बघणारा लागणारच. आणि मालकाच्या ओळखीतल्याला का नाही काढत?"

"हे बघ," अधिकारी हळू आवाजात म्हणाला, "सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. वेळ संपत आलाय. तू आमचे मार्क घालवतेयस."

"खोटं खोटं आहे गं," मोत्यावाली माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली. "खरं कुणाला काढतोय आपण?"

"मी हो म्हणणार नाही," मी सांगितलं. घंटी वाजेपर्यंत सगळे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी टेबलावर थुंकले होते.

नोकरी गेली असं धरून मी घरी आले. पण आठवड्याने संस्थेच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. मुलाखतीसाठी माझी निवड झाली होती.

"तुझी चाल अप्रतिम होती," त्या म्हणाल्या. "सगळा गट एकीकडे असताना वेगळी बाजू घ्यायची, यामुळे माणूस लक्षात राहतो."

"ती चाल नव्हती."

"तसंच वाटलं पाहिजे," त्या कौतुकाने हसल्या.

मी फोन ठेवला. माझा राग त्यांनी तोलला होता, त्याला मार्क दिले होते आणि तो चांगल्या मालात जमा केला होता. त्यापेक्षा नापास केलं असतं तर बरं.

तरी मी हैफाला गेले. प्रयोगशाळा खरी होती आणि मला काम हवं होतं. खिडकीतून खाडी आणि धुराडी दिसत होती. कामगार विभागाचा प्रमुख शांत स्वभावाचा, पिकल्या केसांचा माणूस होता. माझी फाइल उघडून त्याने विचारलं, "त्या फोरमनची बाजू का घेतलीस?"

मी खरं ते सांगितलं. माझे वडील रंगखात्यात फोरमन होते, ओफाकिमला, त्यांना या वर्षी काढलं. 'वस्त्रोद्योग' वगैरे काही म्हटलं नाही.

त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, चला, एक माणूस भेटला.

"तू प्रयोगशाळेत वाया जाशील," तो म्हणाला. "माझ्या खात्यात ये. पुढच्या वर्षी आम्हालाही बरीच माणसं कमी करायची आहेत. त्यांना सांगायला कुणीतरी हवंय. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते गोंधळ घालणार नाहीत. त्यांना वाटेल, ही आपल्यातलीच आहे."

तो हे अगदी प्रेमाने म्हणाला, हेच मला सहन झालं नाही. माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरता भरता म्हणाला.

"मी केमिस्ट आहे," मी म्हटलं.

"विचार कर. घाई नाही."

"झाला विचार." मी उठले. खाली फाटकाशी येऊन मी पोटातलं सगळं झुडपांत ओकले.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. वाटलं होतं, पप्पा पाठ थोपटतील. त्यांनी चपातीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"घ्यायला पायजे होतीस," ते म्हणाले.

"पप्पा! माणसं काढायचं काम?"

"काढतात तर काढतातच. मला काढला तेव्हा तो माणूस टेबलाकडे बघून बोलला. वर मान केली नाही. तू निदान तोंडाकडे बघून बोलली असतीस."

मी हिब्रूत काहीतरी वाईट बोलले आणि ताटावरून उठले. पप्पांना ते सगळं समजलं नसावं. किंवा समजलं असेल. आज इतक्या वर्षांनीही त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि ते खोडूनही काढता येत नाही.

उन्हाळ्यात मला बेरशेवाजवळ पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथल्या बाईंना सर्दी झाली होती. शिंकत शिंकत त्यांनी एवढंच विचारलं, रविवारपासून येशील का? इथे आठवडा रविवारीच सुरू होतो. आडनावासकट, ओफाकिमसकट मी गेले.

पप्पांना सुपरमार्केटच्या दारावर राखणदाराचं काम मिळालं. आत येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची, बाँब नाही ना म्हणून. त्यांना त्याची शिसारी यायची. लोकांच्या गोळ्या, वापरलेले रुमाल, अर्धवट खाल्लेले पाव, बायकांच्या वस्तू. "परक्याच्या पिशवीत आपुन का बघायचं?" ते म्हणायचे. म्हणून पिशवी उघडली की ते बघितल्यासारखं करून मान वळवायचे. सुपरवायझर ओरडला की 'बेसेदर' म्हणायचे, म्हणजे बरं, आणि पुन्हा तेच करायचे.

पुढे बाँबस्फोट वाढले तेव्हा मात्र त्यांना नीट बघावं लागलं, तळापर्यंत हात घालून. त्या दिवसांत ते घरी आले की लगेच जेवायला बसत नसत. आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने चोळायचे, आणि आई ताट झाकून ठेवायची.