दत्ताचा चुना

दत्ता जाऊन आज वर्ष झालं आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो.

सकाळपासून तुम्ही सगळे जो फोटो टाकताय ना, गळ्यात हार, हातात बाटली, मागं डिझेल इंजिन...
तो मी काढलाय. म्हणून मी त्यात नाही.

आम्ही दोघं युसूफ वडगावचे. एकाच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो.
सरकीच्या तेलाचं बायोडिझेल करायचं वेड आधी मला लागलं.
आधी मला! हे एकानंही लिहिलं नाही.

मी तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालायचो. जरा ओल राहिली की झाला साबण. धुता धुता जीव जायचा.

हा पठ्ठ्या नेकनूरच्या स्टँडवर ऑम्लेटच्या गाड्यांवरून अंड्यांची टरफलं गोळा करायचा. भट्टीत भाजून त्यांचा पांढरा चुना करायचा. कॉस्टिकच्या जागी हाच याचा कॅटॅलिस्ट! तेलात विरघळायचा नाही. काम झालं की गाळून घ्यायचा, भाजून पुन्हा वापरायचा.
इतकं सोपं. मला का नाही सुचलं?

एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "कावून बे, पोरांला चुना लावतो का?"

"लावतो की," तो हसला. "पर माझ्या चुन्यानं इंजन चालतंय. तुझ्या कॉस्टिकनं निस्ती अंघोळ हुतीय."

सगळा स्टाफ खो खो हसला. मला ते हसणं अजून झोंबतं.

त्याच्या चुन्यात एकच खोट होती. चौथ्या वेळेला तो थकायचा, तेल तसंच राहायचं.
"एवढं सोडीव, मंग तुला लई मानीन," म्हणायचा.
आणि मग त्याला अटॅक आला.

वर्षभर मी तेवढं एकच केलं. चुना केळीच्या सालींच्या राखेत कालवून भाजला.
परवा तो सहाव्या वेळेलाही चालला. खाली ग्लिसरीन, वर डिझेल, एकदम लख्ख.

बाटली घेऊन तडक त्याच्या घरी गेलो. वहिनींना सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली.
"बरं झालं भाऊजी," म्हणाल्या. "च्या टाकू का?"

तू मला मानावंस म्हणून नव्हतं रे हे.
मला तुझं उतरलेलं तोंड बघायचं होतं. एकदा तरी तू माझ्यावर जळायला हवा होतास.

आता जिंकलो, तर जळायला कुणी उरलंच नाही.

दत्त्या, लेका, जळफळत का होईना, पण मनापासून श्रद्धांजली.