वहीतली दुसरी ओळ

चित्रप्रदर्शनात पंख्याचा फुकटचा वारा खायला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. औरंगपुऱ्यातल्या आमच्या हॉलच्या दाराशी अभिप्रायाची वही घेऊन बसायचं, हे माझं अकरा वर्षांचं काम. बाहेर रिक्षांची बोंबाबोंब, आत गार सावली. बाजारातून आलेली बाई चित्रांकडे पाठ करून घाम पुसते आणि वहीत ‘अप्रतिम’ लिहून जाते. त्यात रामकिसनकाका निराळे.

काका मूळचे देवगाव रंगारीचे. एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. नवराबायकोला निवांत बोलायला जागा नाही, म्हणून दर रविवारी अकराला दोघं इथं यायची आणि मग सिद्धार्थ उद्यानात जाऊन ठरलेल्या बाकावर बसायची. मनकर्णाबाईंना लिहिता येत नव्हतं. काका पाटीवरच्या ठसठशीत अक्षरात आधी स्वतःचं नाव लिहायचे, दुसऱ्या ओळीत त्यांचं. त्या मात्र चित्रं शेत पाहावं तशी पाहायच्या. “ह्या झाडाला पाणी नाय मिळालं, व्हय ना ताई?” असं मला विचारायच्या, चित्रकार शेजारी उभा असला तरी.

दोन वर्षांपूर्वी मनकर्णाबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. तेरावं झालं आणि लगेचच्या रविवारी काका आले. नेहमीसारखं दार धरून, मागचं माणूस आत येईल इतका वेळ थांबले. वहीत दोन्ही नावं लिहिली. मी मनात म्हटलं, सवय आहे, जाईल.

ती काही गेली नाही. दर रविवारी दार धरणं, दर रविवारी दोन नावं. महिन्याला किती माणसं आली ते मला वहीतली नावं मोजून वर कळवावं लागतं. यंदा जुलैतल्या एका रविवारी वीज गेली होती, डोकं तापलं होतं. काकांनी पहिली ओळ लिहिली आणि दुसरीवर पेन टेकवलं, तोच मी म्हणाले, “काका, गेलेल्या माणसाची हजेरी लावत नसतात. एकट्याचं लिहीत जा.”

“बरं ताई,” काका म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. तेव्हापासून एक नाव आणि त्याखाली एक कोरी ओळ. दार मात्र ते धरायचेच. मला वाटलं, मी त्यांचं भलंच केलं. नको तिथं शहाणपण मला भारी सुचतं.

ऑगस्टच्या शेवटी विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लागलं. त्यात फर्दापूरची करुणा होती, जूनमध्येच शहरात शिकायला आलेली. रविवारी बागेत बसून काढलेली सात पेन्सिलचित्रं ती तारखेप्रमाणे भिंतीवर लावत होती. पहिल्यातच काका दिसले, त्यांच्या त्या बाकावर. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई, मांडीवर कापडी पिशवी, तुटलेल्या बंदाला मारलेली गाठ. मनकर्णाबाईंच्या पिशवीची ती गाठ मी शंभरदा पाहिली होती.

“ही बाई कुणाला पाहून काढली गं?”

“त्या काकांच्या शेजारी बसायच्या ना मावशी, त्याच. मी मनानं काय नाय काढत.”

मी पुढं सरकले. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रातही त्या काकांना खेटून होत्या. चौथ्यात बाकाच्या पार टोकाला. पाचव्यात उभ्या. सहाव्यात बागेच्या फाटकाशी, पाठमोऱ्या. सातव्यात काका एकटे.

“भांडण झालं असंल त्यांचं,” करुणा खिळा ठोकत म्हणाली. “नंतर त्या दिसल्याच नाय.”

चौथ्या चित्राखाली तारीख होती तेरा जुलै. मी धावत जाऊन वही उघडली. पहिली कोरी ओळ तेरा जुलैचीच होती.

रविवारी अकराला काका आले, दार धरून थांबले आणि मग भिंतीकडे गेले. चित्रं उतरवून ठेवावीत असं सकाळपासून दहादा मनात आलं होतं, पण हात धजला नव्हता. काकांनी सातही चित्रं सावकाश पाहिली. सहाव्यापुढं बराच वेळ उभे राहिले. मग माझ्यापाशी आले.

“मला वाटलंच व्हतं ताई. बाक तिच्या बाजूनं गार लागायला लागला व्हता.”

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी पेन पुन्हा त्यांच्या हातात दिलं. “काका, माझं चुकलं. दोघांचं लिहा. आकडा गेला खड्ड्यात.”

“आता कसं लिव्हू?” काका शांतपणे म्हणाले. “आज ती आली नाय.”

ते गेले. जाताना त्यांनी दार धरलं नाही. ते आपटलं आणि सगळी माणसं वळून पाहू लागली.

मग मीच दुसऱ्या ओळीत मनकर्णाबाईंचं नाव लिहिलं, माझ्या गिचमिड अक्षरात. उठले आणि दार उघडून धरलं. लोक बाजूनं आत येत होते, जात होते, एकानं विचारलंही, “ताई, कोणी यायचंय का?” मी हो म्हणाले. त्यांना हाकललं होतं मीच. हाताला रग लागेपर्यंत उभी राहिले, पण त्या आल्या नाहीत.