काल्हेरच्या गोडाउनमधलं सरबत

गोडाउनमध्ये माल थांबत नाही. येतो, स्कॅन होतो, ट्रकमध्ये चढतो आणि जातो. किस्से मात्र कुणीच उचलून नेत नाही, ते आमच्याकडेच साठत राहतात. परवा भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोडाउनमधल्या आम्ही जुन्या बायका एका लग्नात भेटलो, तर जेवताना दुसरा विषयच निघाला नाही. सगळे किस्से सरबताचे. म्हणजेच भारतीकाकीचे.

भारतीकाकी शेजारच्या कशेळी गावची. पन्नाशी ओलांडलेली, काटक, पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना टेप मारायची. तिच्या शेजारच्या टेबलावर नसरीन, भिवंडीतली. मी डिस्पॅचला, कॉम्प्युटरवर.

*

सुरुवात नसरीनपासून झाली. त्या उन्हाळ्यात पत्र्याचं छप्पर असं तापायचं की पंख्याचा वारासुद्धा गरम लागायचा. एका दुपारी नसरीन टेप मारता मारता खाली बसली आणि तिथेच कलंडली. कुणीतरी धावत जाऊन थंड पेयाची बाटली आणली, तिला पाजली आणि तिने ती सगळी ओकून टाकली.

काकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला. नसरीन उठून बसल्यावर काकी आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली, "उद्यापासून सरबत मी आननार. बाटली कुनी आनायची न्हाय."

आम्हाला वाटलं, दोन-चार दिवस आणेल. ती जून लागेपर्यंत थांबली नाही.

*

पहिल्या दिवशी कलिंगड आणि लिंबू. नळ असलेला मोठा स्टीलचा जार, वर ओलं फडकं बांधलेलं, रिक्षात मांडीवर धरून आणलेला. चव अशी की सगळ्या टेबलांवर टेप मारणं थांबलं. फक्त काकीने बिया काढल्या नव्हत्या. गाळलं की कलिंगडाची मजा जाते, हे तिचं ठाम मत. आम्ही पीत होतो आणि बिया मिळेल तिथे थुंकत होतो.

आठवड्याभरात एक पार्सल रिटर्न आलं. आत बेडशीट होती, तीही चांगली. रिटर्नच्या कारणात ग्राहकाने लिहिलं होतं की, चादरीच्या घडीत काळं बी सापडलं, हे काय आहे ते कळवावं.

मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळ्या खाली बघायला लागल्या. काकीने टेप मारणं न थांबवता सांगितलं, "त्यांना लिव, लावून बघा म्हनावं. गोड निंगंल."

मी ते लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सरबत गाळून यायला लागलं.

*

त्या बीमुळे आमचे मॅनेजर पाटणकर साहेब मात्र जागे झाले. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की घाबरायचा. त्यांनी नोटीस लावली, पॅकिंगच्या जागेत कोणतंही पेय आणायचं नाही.

काकीने माझ्याकडून नोटीस दोनदा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने जार आत आणलाच नाही. गेटबाहेर वॉचमनच्या केबिनला लागून सावली होती, तिथे स्टूल टाकून त्यावर ठेवला. दुपार झाली तसं एकेक जण बाहेर पडायला लागलं. आधी पॅकिंगवाल्या, मग लोडिंगची पोरं, मग ड्रायव्हर. आत खोकी नुसतीच बेल्टवर येऊन पडू लागली. साहेब बाहेर येऊन बघतात तर त्यांचं अर्धं गोडाउन रांगेत उभं.

ते काकीवर चिडले. काकी शांतपणे म्हणाली, "सायेब, मी थेंबभर आत न्हाय आनलं. तुमची मानसं भायेर आली, त्याला मी काय करू?"

साहेबांनी त्या रांगेकडे पाहिलं. मग जारची एक कडी स्वतः धरली, दुसरी वॉचमनला धरायला लावली आणि जार आत, पॅकिंगपासून लांब, कॅन्टीनच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. नोटीस तशीच भिंतीवर राहिली.

*

एकदा काकीचा घरातला मिक्सर जळाला. नवऱ्याने सांगितलं, आता पुरे झालं तुझं सरबत. ती दुसऱ्या दिवशीही जार घेऊन हजर. द्राक्षं हाताने कुस्करलेली, बोटांची सालं निघालेली. मी रागावले, तर म्हणाली, "मिक्सर जलला, हात थोडीच जललेत?"

*

पपईचं सरबत हा तिचा एकच पराभव. पपई, लिंबू, वरून आलं. रंग सुंदर, चव कडू. नसरीनने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला. बाकीच्यांनीही तेच केलं.

काकी म्हणाली, नका पिऊ, मी पिईन, टाकणार न्हाय. आणि खरोखरच ती शिफ्ट संपेपर्यंत एकटी पीत राहिली. दर ग्लासामागे आमच्याकडे बघून मान डोलवायची, छान झालंय अशा अर्थाने. दुसऱ्या दिवशी तिची रजा होती. कारण आम्ही कुणीच विचारलं नाही.

*

पुढच्या वर्षी रोजे उन्हाच्या तोंडावर आले. नसरीन दिवसभर पाण्याचा थेंब न घेता उभी. त्या महिन्यात काकीही गोडाउनमध्ये सरबत प्यायली नाही. आमच्यासाठी आणायची, वाटायची आणि एक बाटली नसरीनसाठी बाजूला काढून बर्फाच्या पिशवीत ठेवायची.

एका संध्याकाळी आम्हाला घरी सोडणारी कंपनीची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, घर लांब आणि रोजा सोडायची वेळ झालेली. नसरीन सारखी घड्याळाकडे बघत होती. काकीने पिशवीतून ती बाटली काढली, सोबत कागदात बांधलेले खजूर. नसरीन म्हणाली, "काकी, पहले तुम पियो."

काकीने नकारार्थी मान हलवली. नसरीनने खजूर खाल्ला, दोन घोट घेतले, तेव्हा काकीने बाटली हातात घेतली. बाजूच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. त्याचाही रोजा असावा. काकीने विचारलंसुद्धा नाही, ग्लास भरून वर धरला.

*

आणि शेवटचा किस्सा आगीचा. तो सांगायला लागलो की आम्ही अजून आवाज खाली आणतो.

आमच्या शेजारच्या गोडाउनला सकाळी आग लागली. आत प्लास्टिकचा माल. धूर इतका काळा की सूर्य दिसेना. माणसं सगळी वेळेत बाहेर पडली होती, पण आमच्या आणि त्या गोडाउनमध्ये फक्त एक गल्ली. आमचं गेलं असतं तर आम्हा सगळ्यांची कामं गेली असती. पोलिसांनी आम्हाला रस्त्यापलीकडे उभं केलं. नसरीन रडत होती. मी घरी फोन लावत होते, लागत नव्हता.

काकी तिथून निघून गेली. परत आली तेव्हा रिक्षात कैऱ्या, लिंबं, साखर, मीठ, किसण्या, बर्फाची लादी. तिने आम्हाला रडत बसू दिलं नाही. रस्त्याच्या कडेला बसून आम्ही कैऱ्या किसल्या, लिंबं पिळली. चटके बसावेत असं ऊन होतं. दर वेळी काकी स्वतः चव घ्यायची, तिचं समाधान झाल्याशिवाय ग्लास पुढे जात नव्हता.

आग विझवणारे जवान आळीपाळीने बाहेर येत होते, मोठे जड कोट घातलेले, तोंड काळं झालेलं, घाम ओठांवर ओघळलेला. एक जण आमच्यासमोर येऊन मटकन बसला. कोवळा होता, काकीच्या धाकट्या मुलाएवढा. त्याला ग्लाससुद्धा धरता येईना. काकीने तो त्याच्या ओठाला लावला.

त्याने एक घोट घेतला आणि डोळे मिटूनच म्हणाला, "मावशी, मीठ जास्त झालंय."

नसरीनने माझ्याकडे पाहिलं. काकीने त्याच ग्लासातून एक घोट घेतला. आम्हाला वाटलं, आता बोलणार. तिने ग्लास खाली ठेवला. तिने पदराचं टोक बर्फाच्या पाण्यात बुडवलं, त्याचं कपाळ पुसलं, गाल पुसले, ओठ पुसले. मग तोच ग्लास पुन्हा त्याच्या तोंडाला लावला.

तो सावकाश, सगळा ग्लास प्यायला.

"आता बरोबर आहे," म्हणाला.